पत्रा मालकाचा, बोट कामगाराचे

पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक वैभवाची कथा सांगताना मोठ्या कारखान्यांची नावे घेण्याची प्रथा आपल्याकडे पडली आहे. पत्रा कापणारा, वाकवणारा, त्याला भोके पाडणारा माणूस या कथेत सहसा कोठे दिसत नाही. वाहनाच्या सांगाड्याला लागणारे कंस, इंजिनाखालच्या पट्ट्या, विजेच्या मीटरच्या पेट्या, इमारतींतील वातानुकूलनाचे डक्ट या साऱ्यांचा मोठा भाग ज्या कंपनीच्या नावाने बाजारात जातो, तिच्या कुंपणाआत तयारच होत नाही. तो भोसरी, तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यातील लहान शेडमध्ये तयार होतो. पाच-सहा प्रेस, एक शिअरिंग मशीन, वेल्डिंगचा एक कोपरा आणि आठ-पंधरा माणसे एवढ्या सामग्रीवर ही शेड चालते. तिच्या मालकाला कंपनीच्या दप्तरात 'व्हेंडर' म्हणतात, कामगार 'शेठ' म्हणतात. वस्तुतः तो पत्राकामाचा कंत्राटदार असतो.

या धंद्याचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहिला पाहिजे. दोन शतकांत धातू बदलला, हत्यार बदलले, जात बदलली, गावाची वेस ओलांडून धंदा माळावर गेला. पण एक गोष्ट बदलली नाही. पत्रा आणि मागणी ज्याच्या ताब्यात, नफा त्याचा. आणि ज्याच्या हाताने काम होते, जोखीम त्याची. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ती कराराने झाली आहे, कायद्याने तिला मोकळीक दिली आहे, आणि म्हणूनच ती बदलता येण्यासारखी आहे.

तांबट आळीतील आरंभ

पुण्यात पत्राकामाचा आरंभ कसबा पेठेतल्या तांबट आळीपासून होतो. कोकणातून आलेले तांबट पेशवाईत येथे स्थिरावले. हंडे, घंगाळी, बंब, तपेली, कळशा ही त्यांची निर्मिती. तांब्याच्या पृष्ठावर हातोडीने घातलेले मठार ही केवळ शोभा नव्हती. ठोके बसल्याने धातू घट्ट होई आणि भांडे टिकाऊ बने. त्या काळी कारागीर धातू स्वतः वितळवून, ठोकून त्याचा पत्रा करीत असे. पत्र्यापासून भांड्यापर्यंतची सगळी विद्या एकाच घरात नांदत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. विलायतेत यंत्रावर लाटलेला पत्रा मुंबई बंदरात उतरू लागला आणि १८६३ साली बोरघाटातून सलग रेल्वे सुरू झाल्यावर तो थेट पुण्यास येऊ लागला. पत्रा ठोकण्याचे कष्ट वाचले, उत्पादन वाढले आणि पुण्याची तांब्यापितळेची भांडी दूरवर जाऊ लागली. इंग्रजी अमदानीतील १८८५ च्या पुणे गॅझेटियरनेही या धंद्याची दखल घेतली आहे. परंतु या वाढीबरोबरच धंद्याची मालकी हळूहळू कारागिराच्या घरातून बाहेर पडली. आयात पत्रा घाऊक घ्यावा लागे, आणि त्याला भांडवल लागे. ते व्यापाऱ्याजवळ होते. मग व्यापारी पत्रा तोलून देऊ लागला आणि भांडी तोलून घेऊ लागला. मजुरी वजनावर ठरू लागली. सणासुदीला, लग्नकार्याला दिलेली उचल पुढच्या हंगामाच्या मजुरीतून वळती होऊ लागली. १९३६ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेने मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील शहरी हस्तव्यवसायांची पाहणी प्रसिद्ध केली. कारागीर स्वतंत्र उत्पादक न राहता व्यापाऱ्याच्या भांडवलावर अवलंबून राहिल्याचे त्या काळाचे चित्र अशा पाहण्यांतूनच आपल्याला उमगते.

कारागिराचे घर त्याचेच होते, ऐरण त्याची होती, हातोडी त्याची होती. वरवर पाहता तो स्वतंत्र होता. परंतु पत्रा त्याचा नव्हता आणि गिऱ्हाईक त्याचे नव्हते. ज्याला आपण आज 'जॉबवर्क' म्हणतो, त्याची ही पहिली आवृत्ती होय. पुढे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलची भांडी आली, कलईची कटकट संपली आणि तांब्यापितळेचा रोजचा वापर ओसरला. व्यापाऱ्याने भांडवल दुसऱ्या धातूकडे वळवले. तांबटाला मात्र आपले कौशल्य असे एका रात्रीत वळवता आले नाही. आज तांबट आळीतील उरलेल्या हातांचे कौतुक वारसा म्हणून होते. ते व्हावेच, परंतु धंदा का मोडला या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

माळावरची नवी आळी

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर रस्ते, वीज, पाणी आले. मोठे वाहन कारखाने आले आणि त्यांच्या सावलीत पूरक उद्योग उभे राहिले. यातून हजारो हातांना काम मिळाले, मराठवाड्याच्या दुष्काळी गावांतून आलेल्या तरुणांना पगाराचा रस्ता दिसला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मोठ्या कारखान्यांत संघटना उभ्या राहिल्या, करार झाले, कायम कामगाराच्या घरी सुबत्तेची चाहूल लागली.

परंतु एका फाटकातून हजारो माणसे एका वेळी आत-बाहेर होतात तेव्हा तेथे संघटना उभी राहते, हे व्यवस्थापनांनाही कळून चुकले. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यासमोर केलेले उपोषण पोलिसी बळाने मोडण्यात आले. त्या पराभवाचे पडसाद या पट्ट्यातील सर्व कामगार चळवळीत उमटले. पुढील काळात उदारीकरणाबरोबर काम बाहेर देण्याची पद्धत सर्वत्र रुजली. जे काम फाटकाच्या आत संघटित कामगाराकडून होत असे, ते फाटकाच्या बाहेर शंभर शेडमध्ये विखुरले गेले. संघटनेशी वाटाघाटी करण्यापेक्षा खरेदी विभागाने दर ठरवणे सोपे होते.

या शेडमधील व्यवहार पाहावा. पुष्कळदा पत्रा कंपनीचा असतो, डायही कंपनीची असते. कंत्राटदार आपले प्रेस आणि आपली माणसे देतो. मजुरी नगावर, आणि पुष्कळ ठिकाणी प्रेसच्या प्रत्येक ठोक्यावर ठरते. नग नापास झाला तर पत्र्याची किंमत कंत्राटदाराच्या बिलातून कापली जाते. तांबट आळीत पत्रा तोलून दिला जात होता, येथे तो चलनावर दिला जातो. तेथे उचल होती, येथे थकलेले बिल आहे. उरलेली रचना तीच आहे.

ठोक्याचा हिशेब

दर ठोक्यावर ठरतो म्हणजे नेमके काय होते, हे समजल्यावाचून या धंद्यातील अपघात समजणार नाहीत. पॉवर प्रेसमध्ये खाली डाय आणि वर पंच असतो. कामगार पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, पायाने पायडल दाबतो, पंच खाली येतो, तुकडा घडतो, कामगार तो उचलून दुसरा ठेवतो. जुन्या पद्धतीच्या पिन-क्लच प्रेसमध्ये एकदा क्लच गुंतला की पंचाची फेरी पुरी होईपर्यंत तो थांबवता येत नाही. हात आत राहिला असे दिसले तरी उपाय नसतो. पिन झिजली, स्प्रिंग ढिली झाली, तर पायडल न दाबताही पंच दुसऱ्यांदा खाली येतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज प्रेस चालू न होण्याची सोय आहे. हात आत असताना यंत्र रोखणारा प्रकाशपडदा आहे. त्याला साथ देणारा, अधल्यामधल्या क्षणी थांबू शकणारा हवेच्या दाबावरचा क्लच आहे. आणि काहीच नसेल तर तुकडा ठेवायला साधा चिमटा आहे. परंतु यांतील काही उपायांना पैसा लागतो आणि काहींनी ठोके कमी होतात. दोन बटणे दाबायची तर एक हात पुढचा तुकडा उचलायला मोकळा राहत नाही. बारा तासांच्या पाळीत, नगावर ठरलेल्या दरात, उद्याच्या गाडीत माल चढलाच पाहिजे अशा तगाद्यात, सुरक्षेची सोय बांधून बाजूला ठेवली जाते. अपघातानंतर कागदावर कारण लिहिले जाते: कामगाराचा निष्काळजीपणा.

हरियाणातील वाहन-पट्ट्यात काम सुरू करून पुढे महाराष्ट्रातील कामगारांपर्यंत पोहोचलेली 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते. वाहन कंपन्यांच्या पुरवठा-साखळीतील हाताच्या दुखापतींत पॉवर प्रेसचा वाटा मोठा आहे, आणि पुष्कळ कामगारांच्या हाती राज्य विमा योजनेचे कार्ड अपघात झाल्यावरच पडते, हे या अहवालांनी वारंवार दाखवले आहे. याचा अर्थ सरळ आहे. जोवर बोट शाबूत आहे तोवर त्या कामगाराचे अस्तित्व कोणत्याही नोंदवहीत नसते.

आणि बोटाची किंमत? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ती ठरलेली होती. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईच्या शक्तीची हानी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. विमा योजनेत पूर्ण अपंगत्वाचा दर मजुरीच्या ९० टक्के धरतात. रोज ५०० रुपये मजुरी असलेल्या कामगाराची तर्जनी गेली, तर या हिशेबाने त्याला दिवसाला ६३ रुपये मिळतात. ही रक्कम आयुष्यभर मिळते, त्यामुळे विमा असणे हे नसण्यापेक्षा कितीतरी बरे. परंतु तर्जनी गेलेल्या हाताला दुसरा शेठ प्रेसवर घेत नाही, ही हानी परिशिष्टात १४ टक्के धरलेली आहे. प्रत्यक्षात ती कितीतरी अधिक असते.

कायद्याचा उंबरठा

अशा वेळी कायद्याने आधार द्यावा ही अपेक्षा स्वाभाविक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० आणि विजेविना २० कामगार असले की ते ठिकाण कारखाना मानले. यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण घालणे त्याच कायद्याने सक्तीचे केले. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता अंमलात आणल्या. त्यांपैकी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याची ही मर्यादा अनुक्रमे २० आणि ४० अशी दुप्पट केली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० होती. संहितेत ती ५० आहे. नियुक्तिपत्राची सक्ती आणि १० कामगारांच्या आस्थापनेलाही लागू होणारी काही सर्वसाधारण कर्तव्ये संहितेत आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद करावे. पण पत्राकामाच्या शेडमध्ये माणसे असतात आठ, बारा, पंधरा. ज्या आकाराच्या शेडमध्ये बोटे तुटतात, नेमका त्याच आकाराला 'कारखाना' या व्याख्येतून वगळणारा हा उंबरठा आहे. व्याख्या बदलल्याने प्रेसचा ठोका हलका होत नाही.

शेडचे स्थानही असेच डळमळीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडी भागात महापालिकेने हजारो बांधकामे पाडली. भंगाराच्या गोदामांबरोबर लहान वर्कशॉपही त्यात गेली. अनधिकृत बांधकामाचे समर्थन कोणी करू नये. परंतु अशा शेडचा माल ज्यांच्या दारी जात होता, त्या कंपन्यांना 'हा माल कोठे बनतो' असे त्यापूर्वी कधी कोणी विचारले होते काय? माल अधिकृत, चलन अधिकृत, कर अधिकृत; अनधिकृत ठरली ती फक्त शेड आणि तिच्यातील माणसे.

शेठविषयी आपली भूमिका

येथे एका नाजूक प्रश्नाला सामोरे जावे लागते. हा कंत्राटदार आपल्या लेखी कोण आहे? पुष्कळदा तो स्वतः कालचा फिटर असतो. घर गहाण ठेवून दोन जुने प्रेस घेतलेला असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने त्याचे बिल ४५ दिवसांच्या आत मिळायला हवे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागण्याचा त्याला हक्क आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने थकवलेल्या बिलावर खरेदीदाराला मिळणारी करवजावटही रोखली. पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. हक्क पुस्तकात राहतो आणि कंत्राटदार खरेदी विभागाच्या दारात उभा राहतो.

त्याच्या अडचणीची जाण ठेवणे आणि त्याच्या अपराधावर पांघरूण घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विमा न भरणे, सुरक्षा-साधन काढून ठेवणे, जखमी कामगाराला चार हजार रुपये देऊन गावाकडे पाठवणे हे गुन्हे आहेत आणि ते दडपलेपणाने क्षम्य होत नाहीत. तथापि सगळा रोष त्याच्यावर ओतून वरचा मालक मोकळा सोडणे हा त्याहून मोठा घात आहे. ठोक्याचा दर जो ठरवतो, तो प्रेसचा वेगही ठरवतो. आणि वेग ठरवणारा अपघाताच्या जबाबदारीतून सुटू शकत नाही.

समाजवादी विचाराने लहान यंत्राचा नेहमी आग्रह धरला. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात प्रचंड भांडवली यंत्राला पर्याय म्हणून लहान यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा त्यामागे सत्तेच्या आणि संपत्तीच्या विकेंद्रीकरणाची दृष्टी होती. भोसरीच्या शेडमध्ये यंत्र लहान आहे, जागा लहान आहे, भांडवल लहान आहे. सत्ता मात्र मुळीच विकेंद्रित झालेली नाही. विखुरला आहे तो धोका. लहानपणाची ही विटंबना लघुउद्योगाच्या नावाने आपण मुकाट्याने स्वीकारता कामा नये.

मार्ग आहे, आणि तो आपल्याच राज्यात आहे

विखुरलेल्या कामगाराला संघटित करता येत नाही, असे सांगणाऱ्यांना महाराष्ट्राने १९६९ सालीच उत्तर दिले आहे. त्या वर्षीच्या माथाडी कायद्याने हमालाची नोंदणी मंडळाकडे झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभांसाठी मालकांकडून लेव्ही वसूल होऊ लागली. हमाल आज एका दुकानी, उद्या दुसऱ्या. पण त्याचा हक्क मंडळाच्या वहीत एकाच जागी जमा होतो. यामागे अण्णासाहेब पाटील यांचा मुंबईतील लढा होता, आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या विचाराची मशागत केली होती. या कायद्याच्या अनुसूचीत लोखंड व पोलाद बाजारातील चढउताराचे काम आहे. म्हणजे ट्रकमधून पत्रा उतरवणाऱ्या हाताला मंडळाचे संरक्षण मिळू शकते. तोच पत्रा प्रेसखाली धरणाऱ्या हाताला मात्र तसे मंडळ नाही.

खुद्द पत्राकामाच्या धंद्यातही याचे उदाहरण आहे. अमेरिकेत इमारतींचे पन्हळ, छपरे आणि हवेचे डक्ट बनवणारे काम स्थानिक कंत्राटदारांकडेच असते, आणि कामगार एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे सतत फिरतो. तेथील पत्राकामगारांनी १८८८ साली ओहायो राज्यातील टोलेडो येथे आपली संघटना स्थापन केली. पुढे कंत्राटदारांच्या संघाशी सामूहिक करार झाले, उमेदवारांच्या प्रशिक्षणाची संयुक्त व्यवस्था उभी राहिली, आणि कामाच्या तासांमागे कंत्राटदारांनी भरलेल्या रकमेतून सामाईक निवृत्तिनिधी चालू लागले. संघटित क्षेत्रात कामगाराचे निवृत्तिवेतन त्याच्याबरोबर चालते, मग कंत्राटदार कोणीही असो. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात जे संघटनेच्या बळावर साधले, ते समतेची भाषा बोलणाऱ्या महाराष्ट्रात अव्यवहार्य कसे ठरेल?

यास्तव आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, पुणे पट्ट्यातील पत्राकाम व प्रेसकाम करणाऱ्या सर्व कामगारांसाठी माथाडी धर्तीचे मंडळ स्थापन व्हावे आणि त्याची लेव्ही शेठकडून नव्हे, काम देणाऱ्या मूळ कंपनीकडून तिच्या बिलांच्या प्रमाणात वसूल व्हावी. दुसरी, कामगारांची संख्या काहीही असो, जेथे एकही पॉवर प्रेस आहे तेथे यंत्र-सुरक्षेची तरतूद सक्तीने लागू व्हावी. कायद्याने माणसे मोजण्याऐवजी यंत्र मोजावे. तिसरी, पुरवठादाराच्या शेडमधील प्रत्येक अपघाताची नोंद मूळ कंपनीच्या अपघातवहीत व्हावी.

मागण्या कागदावर लिहून भागणार नाही. कार्यकर्त्यांनी या पट्ट्यात एकेका गल्लीची वही तयार करावी: शेड किती, प्रेस किती, किती प्रेसना संरक्षण आहे, माणसे किती, विमा कार्ड किती जणांकडे, माल कोणत्या कंपनीला जातो आणि बिल किती दिवसांनी मिळते. कंत्राटदारालाही या वहीत बिलाची तारीख लिहायला बोलवावे. त्याच्यापैकी जे प्रामाणिक आहेत ते येतील. कामगार विमा रुग्णालयाच्या दारात आठवड्यातून एक दिवस बसावे आणि हाताला पट्टी बांधून आलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्ज भरून द्यावा. हे काम सभेसारखे गाजत नाही, त्याचे छायाचित्र छापून येत नाही. परंतु हमाल पंचायतीचे कामही असेच एकेका अड्ड्यावर जाऊन, एकेका हमालाची नोंद करून उभे राहिले होते. पत्राकामगाराचे मंडळ उभे करायचे असेल तर पहिली वही आपल्यालाच उघडावी लागेल.